फोर लो, सेकंड गिअर आणि ब्रेकवरून काढलेला पाय

पहिला दिवस

वाटेचं नाव मुद्दामच देत नाही. नाव छापलं की पुढच्या पावसाळ्यात तिथे गाड्यांची रांग लागते, चाकोऱ्या गुडघाभर खोल होतात, त्यांतून पाणी वाहायला लागतं आणि बघता बघता वाटेचा ओढा होतो. एवढंच सांगतो, की एका डोंगररांगेवर चढून पलीकडच्या खोऱ्यात उतरणारी ही कच्ची वाट आहे, माती चिकण आहे, आणि गाड्या न्यायची परवानगी आम्ही आधी काढली होती.

गाड्या तीन. सगळ्यांत पुढे काका. वयानेही जुने आणि या उद्योगातही. त्यांची गाडी तितकीच जुनी, पण मागच्या डिफरन्शियलला (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीला) लॉक आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र जखडता येतात, आणि पुढे विंच, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र, आहे. मधे ताईंची नवी ऑटोमॅटिक, हिल डिसेंट कंट्रोलवाली, म्हणजे उतारावर आपोआप वेग आवरणारी. शेवटी माझी मॅन्युअल, पार्ट-टाइम फोर-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांची ओढ लागेल तेव्हाच जोडायची), लॉकबिक काही नाही.

डांबरी रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पायथ्याला पोचलो आणि काकांनी पहिलं काम काय केलं, तर टपावरचं सगळं सामान खाली उतरवायला लावलं. माझ्या कॅरिअरवर तंबू, पाण्याचे कॅन आणि जास्तीचं चाक होतं. "चाक आत घे. उतारावर वरचं वजन गाडीला खाली ओढत नाही, उलटवतं," ते म्हणाले. गाडी आडव्या उतारावर कलली, की तिचा गुरुत्वमध्य खालच्या बाजूच्या चाकांकडे सरकतो. तो जितका उंच, तितक्या कमी कोनात चाकांची रेघ ओलांडतो. टपावरचे पन्नास किलो आणि सीटखालचे पन्नास किलो सारखे नसतात ते यामुळेच. मग आतलं सामानही बांधून टाकलं. उतारावर टूलबॉक्स सुटला तर तो सरळ ड्रायव्हरच्या मानेकडे येतो.

संध्याकाळी टायरची हवा कमी केली. रस्त्यावर 32 पीएसआय होती, ती 22 वर आणली. हवा कमी केली की टायर रुंदीपेक्षा लांबीला जास्त पसरतो, जमिनीवरचा ठसा लांबट होतो आणि नक्षीच्या जास्त गुट्ट्या एकाच वेळी मातीत बसतात. मला अजून खाली जायचं होतं. काकांनी मान हलवली. 15 च्या खाली गेलं आणि गाडी आडवी घसरली, तर टायर रिमवरून सुटू शकतो, आणि मग चिखलात जॅक लावत बसावं लागतं. पंप आहे का, हे त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं. परत भरता येत नसेल तर काढूही नये, असा त्यांचा साधा हिशेब.

दुसरा दिवस

रात्रभर पाऊस. सकाळी थांबला, पण वाट चकचकत होती.

गाड्या जागेवर ठेवून आम्ही पहिला चढ पायी चढून आलो. याचा मला आधी कंटाळा यायचा, आता येत नाही. बसून काचेतून दिसतं त्याच्या निम्मं सुद्धा खरं नसतं. काकांच्या हातात काठी होती. ती ते दर दहा-बारा पावलांवर मातीत खुपसत होते. काठी बोटभर आत जायची आणि टणक लागायची. म्हणजे वर चिकण मातीचा पातळ लेप आणि खाली घट्ट जमीन. हा चिखल आणि ढोपरभर राड यांत फार फरक आहे. राडीत गाडी रुतते, तिथे वेग आणि रुंद टायर कामाला येतात. लेपावर गाडी रुतत नाही, सुटते. तिथे टायरच्या गुट्ट्यांनी लेप कापून खालच्या टणक थराला धरायचं असतं, आणि त्यासाठी चाक हळू फिरायला हवं. भरभर फिरलं की चाक लेपालाच घासत बसतं, गुट्ट्यांमधल्या खाचा भरतात आणि नक्षीच्या टायरचा गुळगुळीत टायर होतो. माझे बूटच त्याची साक्ष होते. वर पोचेपर्यंत तळवे सपाट झाले होते आणि मी दोनदा गवताला धरून वाचलो.

मोबाइलवर कोन मोजला. चढ बहुतेक ठिकाणी 14-15 अंश, मधला तुकडा 18. ऐकायला किरकोळ वाटतं. पण घर्षणाचा हिशेब निर्दय आहे. माती आणि टायर यांच्यातला घर्षणांक 0.3 असेल, तर गाडी जास्तीत जास्त 17 अंशांपर्यंत चढू शकते, आणि तेही चारही चाकं ओढत असतील तरच. इंजिन किती मोठं आहे याला इथे काडीची किंमत नाही. दोनच चाकं ओढत असतील तर अंदाजे निम्मं वजनच पकडीच्या कामी येतं, आणि मर्यादा आठ-नऊ अंशांपर्यंत खाली येते. फोर-व्हील-ड्राइव्हचं महत्त्व एवढंच आणि एवढं मोठं आहे. तरीही ब्रेक दाबायची वेळ येते तेव्हा ती उपयोगाला येत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात आणि चिखल सगळ्यांना सारखाच. जी गाडी तुम्हाला जास्त उंचावर नेते, ती जास्त वाईट जागी नेऊन घसरू शकते, हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही.

मधल्या 18 अंशांच्या तुकड्यात डाव्या कडेला खडी वर आली होती. काकांनी तिथे दोन फांद्या रोवल्या. डावी चाकं यांच्या आतून, उजवी दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावरून. चाकोरीत उतरायचं नाही. खोल चाकोरीत स्टेअरिंग कुठेही फिरवा, गाडी चाकोरीच्याच मागे जाते. आणि चाकं वळलेली असताना चाकोरी संपली, की गाडी एकदम त्या दिशेला उसळी मारते.

"काका, फर्स्ट टाकू का?" ताईंनी विचारलं.

"फर्स्ट नको गं. सेकंड. फर्स्टमध्ये चाकाला इतका जोर मिळतो की पाय जरा हलला तरी ते फिरतं."

फोर लोमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या कमी वेगाच्या रेंजमध्ये, ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीतून) आणखी एक गिअर लागतो. जिम्नीसारख्या गाडीत तो वेग जवळपास निम्मा करतो, रँग्लर रुबिकॉनमध्ये एक चतुर्थांश. जोर त्याच पटीत वाढतो. दगडांवर तो हवाच असतो. चिखलाच्या चढावर मात्र जोर नको असतो, हवा असतो तो ताबा. म्हणून लो रेंज, पण गिअर एक वरचा. गाडी दमदार असेल तर तिसराही चालतो. गिअर खाली ठरवायचा आणि वर पोचेपर्यंत तोच ठेवायचा. चढावर क्लच दाबला की ओढ तुटते, आणि तुटलेली ओढ चिखल परत जोडू देत नाही.

एका वेळी एकच गाडी चढावर. बाकीच्यांनी खाली, तेही वाटेच्या सरळ रेषेत नाही, बाजूला झाडांमागे. काका गेले. बघताना काही नवल वाटलं नाही, इंजिनाचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा. हेच तर जमत नाही लोकांना.

ताई निघाल्या. ऑटोमॅटिक असल्याने मॅन्युअल मोडवर सेकंड धरून ठेवला होता. 18 अंशांच्या तुकड्यात उजवं पुढचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं. साध्या डिफरन्शियलची हीच खोड. दोन्ही चाकांना जोर सारखाच देतं, त्यामुळे ज्या चाकाला पकड नाही त्याला जेवढा जोर लागेल तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. नव्या गाड्या फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून दुसऱ्याकडे जोर वळवतात, पण चाक थोडं फिरू दिल्याशिवाय त्यांना ते कळत नाही, आणि कळल्यावर क्षण-दोन क्षण लागतात. वॉकीटॉकीवर काकांचा आवाज आला, "कट-कट वाजेल, वाजू दे. पाय आहे तिथेच ठेव, काढू नकोस, दाबू नकोस." गाडी वाजली, थरथरली, आणि सरकली.

मी त्याच जागी स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवत राहिलो, पाव फेराहूनही कमी. त्याने पुढच्या टायरच्या कडेच्या गुट्ट्या बाजूच्या न मळलेल्या मातीला लागतात आणि तेवढ्यावर गाडी निघते. अंगठे स्टेअरिंगच्या आत घालायचे नाहीत, बाहेरून टेकवायचे. चाक खळग्यात आपटून स्टेअरिंग उलटं फिरलं तर दांडा अंगठ्यावर बसतो.

तिसरा दिवस

आजचा चढ जमणार नाही असं पायी जातानाच वाटत होतं. वरचा शेवटचा टप्पा 20 अंशांच्या पुढे होता आणि खडी कुठेच नव्हती. पण खाली सुटायला जागा ऐसपैस. चढ संपून सरळ सपाट माळ, ना कडा ना झाड. काकांचा नियम असा, की जो चढ रिव्हर्समध्ये सरळ उतरता येणार नाही, तो चढायलाच घ्यायचा नाही. इथे उतरता येत होतं, म्हणून प्रयत्न करायला हरकत नव्हती.

काका डिफ लॉक लावून चढून गेले, तेही शेवटी सरपटतच. वर मोकळी जागा बघून त्यांनी गाडी वळवली आणि विंचचं तोंड उताराकडे करून ठेवलं. माझी गाडी शेवटच्या टप्प्यात थांबली. चारही चाकं फिरताहेत आणि गाडी हलत नाही, अशी अवस्था.

इथून पुढचं सावकाश सांगतो, कारण चिखलाच्या चढावर गाड्या उलटतात त्यातल्या बऱ्याच या क्षणानंतर उलटतात. गाडी थांबते, माणूस घाबरतो, क्लच दाबतो, गाडी न्यूट्रलमध्ये मागे पळायला लागते, मग तो ब्रेकवर उभा राहतो. चाकं लॉक, स्टेअरिंग गेलं. किंवा त्याहून वाईट, तो चढावरच गाडी वळवायला बघतो. गाडी आडवी होते आणि पुढची गोष्ट डोंगर ठरवतो.

रेस सोडली. फूटब्रेक घट्ट दाबला, गाडी गिअरमध्येच बंद पडू दिली. हँडब्रेक ओढला. गाडी गिअरमध्ये बंद उभी असली की इंजिनही तिला धरून असतं. मग दोन्ही आरशांत बघितलं, मान बाहेर काढून पुढची चाकं सरळ आहेत याची खात्री केली. माझ्या गाडीत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, म्हणून फूटब्रेक न सोडता क्लच दाबून सुरू केली, लो रेंजमध्येच रिव्हर्स टाकला आणि क्लच हळूहळू पूर्ण सोडला. पूर्ण, हाफ क्लच नाही. गाडी इंजिनाच्या ताब्यात आल्यावर मगच हँडब्रेक उतरवला आणि फूटब्रेकवरचा दाब कमी करत नेला. दोन्ही पाय पेडलवरून बाजूला. गाडी माणसाच्या चालीने, घुरघुरत, सरळ मागे उतरली. मधे एकदा मागचं डावं चाक सरकलं, तेव्हा हात ब्रेककडे नाही तर स्टेअरिंगकडे गेले आणि थोडीशी रेस दिली. रिव्हर्समध्ये रेस द्यायला मन धजत नाही. पण चाक गाडीपेक्षा हळू फिरत असलं तर ते घसरतंच. त्याला गाडीच्या वेगापर्यंत आणलं की ते परत जमीन धरतं.

मग विंच. काकांची गाडी जाड झाडाला रुंद पट्ट्याने मागून बांधलेली, नाहीतर विंच ओढायचं सोडून स्वतःच खाली आलं असतं. पट्टा यासाठी की दोराने साल कापली जाते आणि झाड मरतं. ड्रमवर निदान पाच वेढे शिल्लक. दोरावर मधोमध ओलं गोणपाट टाकलं. दोर तुटलाच तर त्याचा फटकारा तिथे मरतो. शॅकल (जोडायची कडी) पेलायच्या वजनाचा आकडा कोरलेलाच, आणि हुक चासीच्या पॉइंटला. टो-बॉलला कधीच नाही. ट्रेलर ओढायचा तो गोळा झटक्याने तुटतो आणि तोफेच्या गोळ्यासारखा येतो. त्याने माणसं मेली आहेत. दोराच्या दोन्ही बाजूंना दोराच्या लांबीइतक्या अंतरात कुणीही उभं राहायचं नाही, आणि तो ओलांडायचा तर नाहीच. ताण आल्यावर दोर किणकिणायला लागला तेव्हा सगळे आपोआपच मागे सरकले.

ताईंनी प्रयत्नच केला नाही. "माझ्या गाडीला लॉक नाही, तुझ्याही नव्हतं, आणि तुझं काय झालं ते बघितलं मी. विंचनेच घ्या," म्हणाल्या. दिवसभरातला सगळ्यांत शहाणा निर्णय तो.

चौथा दिवस

खोऱ्यात उतरायचं. लोक चढाला घाबरतात आणि उताराला हसत जातात. असायला हवं उलटं. चढावर गुरुत्वाकर्षण तुमचा फुकटचा ब्रेक असतं. उतारावर ते विरुद्ध पार्टीत जातं.

उताराच्या तोंडाशी सपाटीवरच लो रेंज टाकून घेतली. हे उतारावर उभं राहून करण्यात एक सापळा आहे. ट्रान्सफर केस हाय आणि लोच्या मधे न्यूट्रलमधून जाते, आणि तेवढ्या वेळात गाडी गिअरमध्ये असो की ऑटोमॅटिक पार्कमध्ये, चाकांना काहीही धरून नसतं. "पार्कमध्ये आहे" म्हणून ब्रेकवरून पाय काढला तर गाडी निघालीच. हँडब्रेकवरही भिस्त ठेवू नये. तो बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांना असतो, आणि नाक खाली असताना मागची चाकं हलकी झालेली असतात. फोर-व्हील लागलेली असेल तर पुढची चाकंही प्रॉपेलर शाफ्टमधून थोडीफार धरली जातात, तेवढाच आधार.

काका फर्स्टमध्ये, दोन्ही पाय गोळा करून सरळ उताराच्या ओघाने गेले. तिरकं नाही. तिरकी गाडी घसरली की आडवी होते आणि आडवी गाडी लोळते. मी फर्स्टमध्ये निघालो, पण गाडी फारच रेंगाळायला लागली. चाकं इतकी हळू की गाडी त्यांच्यावरून वाहायला बघत होती. हलकी रेस देत राहिलो तेव्हा बसली. फार निसरड्या उतारावर सेकंड बरा, ही चर्चा नंतर रात्री बराच वेळ चालली. माझं मत सेकंडकडे झुकतं. काका अजून फर्स्टवालेच.

ताईंनी हिल डिसेंट कंट्रोल लावलं. ती यंत्रणा प्रत्येक चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून ठरलेला वेग राखते आणि कोरड्या मातीवर फार सुरेख चालते. चिकण लेपावर तिलाही चाक धरल्याशिवाय वेग कमी करता येत नाही. अर्ध्यावर मागची बाजू उजवीकडे वाहायला लागली. वॉकीटॉकीवर काका ओरडले नाहीत, नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "स्टेअरिंग उजवीकडे, उताराकडे तोंड आण. आता रेस दे. दे गं, अजून दे." ताईंनी दिली. बाहेरून बघताना काळजाचा ठोका चुकतो. गाडी घसरतेय आणि बाई रेस देतेय! पुढची चाकं फिरायला लागली, त्यांनी जमीन धरली, नाक उताराच्या रेषेत आलं, मागचं अंग मुकाट्याने मागे आलं. वेग थोडा वाढला, खाली माळ होता, चालून गेलं.

त्याच्या पुढचा उतार कमी तीव्र होता, पण संपायचा तिथे वाट डावीकडे वळत होती आणि वळणाच्या बाहेर थेट ओढ्याची दरड. पायी खाली जाऊन आलो. काकांनी काठी जमिनीत रोवून ठेवली आणि म्हणाले, "थांबू." ऊन पडलं होतं. तास-दोन तासांनी लेपाला वरून साय धरली, बूट टेकला तर ठसा उमटायला लागला, आधी नुसती रेघ उमटत होती. आणखी तासाभराने आम्ही उतरलो, आणि सांगण्यासारखं काहीच घडलं नाही.

पाचवा दिवस

डांबर लागताच फोर-व्हील काढली. पार्ट-टाइम गाडीत पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात. मातीत चाकं घसरून तो ताण सोडतात, डांबरावर सोडत नाहीत; वळणावर गाडी अडखळते आणि गिअरांवर ताण चढत जातो. मग पंप काढून हवा परत 32.

साठच्या वेगाला माझं स्टेअरिंग थरथरायला लागलं. अलाइनमेंट गेली असं वाटेल, पण चाकाच्या आत, रिमच्या खोबणीत एका बाजूला चिखल वाळून बसला होता. चाकाचा तोल तेवढ्याने जातो. रस्त्याच्या कडेला थांबून स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढला आणि थरथर गेली. ब्रेक पहिल्या काही दाबांना खरखरले. पॅडमधली माती निघेपर्यंत सगळे अंतर ठेवून चालवत होते. रेडिएटरच्या जाळीतला चिखल मागून, इंजिनाच्या बाजूने पाणी मारून काढावा लागला. पुढून मारला तर तो आतच दाबला जातो.

काकांनी मागच्या डिफरन्शियलचा बोल्ट सैल करून बोटावर ऑइल घेतलं. दुधाळ होतं. ओढ्यात उतरताना गरम डिफरन्शियल एकदम थंड झालं, आतली हवा आकसली आणि ब्रीदरच्या (आतली हवा बाहेर-आत होऊ देणाऱ्या) नळीतून पाणी ओढलं गेलं. ऑइल बदललं, आणि नळी आता बॉनेटपर्यंत वर न्यायची आहे.